'जंतूची कुंडली मांडून कुणाचा ताप उतरला?' या पोस्टला उत्तर

खडूस_निळू: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जिनोम सिक्वेन्सिंग म्हणजे जंतूची कुंडली मांडत बसणं, त्याने एका तरी पेशंटचा ताप उतरला का?" आणि खाली धडाधड लाइक्स. डोकंच फिरलं. अहो सिक्वेन्सिंग म्हणजे जंतूचा अख्खा जनुकीय मजकूर अक्षर-अक्षर वाचणं. ताप उतरवायला ते नाहीच, साथ कुठून आली नि कुठे चाललीय ते कळायला आहे. फेब्रुवारी २०२१ आठवा, अमरावती-अकोल्यात कोविडच्या केसेस उसळल्या आणि जो तो लग्नांना नि मास्क न लावणाऱ्यांना शिव्या घालत होता. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के सॅम्पल्समध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर ही दोन म्युटेशन्स, म्हणजे विषाणूच्या जनुकांतले बदल, दिसतायत, तोच तो 'डबल म्युटंट'. त्याचाच भाऊबंद पुढे डेल्टा म्हणून जगभर हिंडला. सिक्वेन्सिंग नसतं तर अजून लग्नाला गेलेल्यांनाच झोडपत बसलो असतो.

चारला_शटर: ती पोस्ट माझी. ते पत्रक पूर्ण वाचा की दादा, त्यातच पुढे होतं, की वाढत्या केसेसशी थेट संबंध जोडता येईल इतक्या संख्येने हे सापडलेलं नाही. मग कळून केलंत काय? एप्रिलमध्ये बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता.
आणि माझा राग ऐका. जून २०२१, डेल्टा प्लस, म्हणजे डेल्टाचाच बदललेला प्रकार. राज्यात २१ केसेस, त्यातल्या ९ रत्नागिरीत. तेवढ्यावरून सगळे जिल्हे निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात, पॉझिटिव्हिटी कितीही कमी असू दे. माझं कापडाचं दुकान, चारला शटर खाली. आमच्याकडे गिऱ्हाईक येतंच संध्याकाळी. लग्नसराईचा माल तसाच पडून, हप्ते चालू. आणि तो डेल्टा प्लस पुढे पसरलाच नाही फारसा. कुंडलीत लिहिलं नव्हतं वाटतं!

पिपेटवाली: पसरणार नाही हे आधी कसं कळणार होतं? आदेश कुणी काढला त्यांना विचारा, मशीनवर कशाला राग. आम्ही काय अवस्थेत काम करत होतो ते सांगते. सीटी, म्हणजे आरटी-पीसीआर टेस्टमधला आकडा, जितका जास्त तितका विषाणू कमी; तो तिशीच्या वर गेला की सॅम्पलमध्ये वाचण्यासारखं फार उरतच नाही, हे सगळ्यांना माहीत, तरी तसलीच खोकी यायची. आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं, ट्यूबवरची शाई पसरलेली, यादीत गाव नि तारीख कोरी. गावच माहीत नाही तर त्या सिक्वेन्सचं लोणचं घालू का? इन्साकॉग, म्हणजे सिक्वेन्सिंग करणाऱ्या लॅबचं सरकारी जाळं, डिसेंबर २०२० मध्ये दहा लॅब घेऊन उभं राहिलं, पॉझिटिव्हमधले ५ टक्के वाचायचे ठरले होते. गाठले का? नाही.

धायरीकर_वैतागलेला: कोविडचं पुराण पुरे. जीबीएसचं बोला, तो गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा. जानेवारी २०२५, पुण्याजवळचं नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, आमचा अख्खा पट्टा. काही पेशंटच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस, दोन्ही पोट बिघडवणारे. एक म्हणतो विहिरीचं पाणी, दुसरा म्हणतो कच्चं राहिलेलं चिकन. आमच्या मजल्यावरच्या काकूंना पायात ताकद नाही म्हणून उचलून न्यावं लागलं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन काय विचारतो, "टँकरचं बिल वाढलंय, प्रत्येकी किती धरू?" टँकर कुठे भरतो विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, साहेब पाणी पाहिजे का पत्ता?

खडूस_निळू: हेच तर! पाण्यातला जंतू आणि पेशंटमधला जंतू एकच का, हे जिनोम जुळवल्याशिवाय कसं ठरवणार?

चारला_शटर: जर्मनी, २०११. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या घातक जातीची साथ, पन्नासच्या वर माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ, तिथल्या शेतकऱ्यांचा माल कचऱ्यात. जिनोम जूनच्या सुरुवातीलाच वाचला होता की! पण खरा गुन्हेगार निघाला मोड आलेली मेथी, आणि तो सापडला हॉटेलात कोण काय जेवलं ते विचारून नि बियाण्याच्या पावत्या धुंडाळून.

पिपेटवाली: बरोबर आहे. लिहायला जिवावर आलंय, पण बरोबर आहे. फक्त जंतू एवढा घातक कशाने झाला, शिगा टॉक्सिन नावाच्या विषाचं जीन त्यात कसं शिरलं, ते पावत्यांवर लिहिलेलं नसतं.

टँकर_आमचाही: धायरीकर, सगळं टँकरवाल्यांवरच का? माझ्या मेव्हण्याचे दोन टँकर आहेत, क्लोरीन टाकतो तो. तुमच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या?

धायरीकर_वैतागलेला: मेव्हण्याला म्हणावं ते क्लोरीन टाकलेलं पाणी स्वतः पी आधी. नाकाला वासही येत नाही कधी.

टँकर_आमचाही: तोंड सांभाळून. घरच्यांवर जायचं नाही.

खडूस_निळू: धागा कशाचा, चाललंय काय! शटरभाऊ, तुमच्या पावत्या मान्य, पण माणसं विचारायला पाठवा म्हटलं की सिक्वेन्सिंग बंद करा असा अर्थ होत नाही.

चारला_शटर: बंद करा म्हटलंच नव्हतं मी. ठेवा चालू. पण पुढच्या वेळी २१ केसेसवर अख्खं राज्य चारला बंद करायचं झालं, तर माझे हप्ते तुमच्या लॅबने भरायचे, बोला कबूल?

पिपेटवाली: लॅबकडे रिएजंटला, म्हणजे टेस्टच्या रसायनांना, पैसे नाहीत, तुमच्या साड्यांना कुठून आणू.

धायरीकर_वैतागलेला: आणि टँकर कुठे भरतो ते कुणी सांगितलंच नाही अजून.