याक-३ म्हणे! अहो, ते याक-११ आहे

पंखपुराण:
परवा एका गटात याक-३ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत लढाऊ विमानाचा म्हणून एक फोटो फिरत होता. खाली ओळ: ‘१९४४ चं अस्सल याक-३, आजही दिमाखात उडतंय.’ त्यावर हात जोडणाऱ्यांची रांग. फोटो मोठा करून पाहिला, तर नाक भोपळ्यासारखं गोल! मस्तकात गेलं, म्हणून धागा.

युद्धातल्या याक-३ चं नाक निमुळतं. आत सोव्हिएत अभियंता क्लिमोव्हचं, पाण्याने थंड होणारं व्ही-१२ इंजिन (बारा सिलिंडर, व्ही आकारात मांडलेले), आणि त्या व्हीच्या बेचक्यात २० मिमीची तोफ. गोळा सुटायचा थेट पंख्याच्या मधोमध असलेल्या भोकातून. गोल नाकाचं, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं याक-३यू १९४५ मध्ये बनलं, पण नमुन्यापुढे गेलं नाही. त्यातून निघालं याक-११, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं दोन आसनी विमान. चेकोस्लोव्हाकियातही त्याचं उत्पादन झालं. आता हौशी लोक त्यातलं सात सिलिंडरचं इंजिन काढतात, दांडगं अमेरिकन इंजिन बसवतात, मागचं आसन झाकतात आणि लाल तारा रंगवून मोकळे होतात. शाळामास्तरला वर्दी चढवून सुभेदार म्हणण्यातला प्रकार.

१९९० च्या दशकात रशियातल्या ओरेनबर्गला जुन्या आराखड्यांवरून याक-३एम बांधली, त्यांना मी अर्धा मान देतो. अर्धाच, कारण इंजिन अमेरिकेचं अ‍ॅलिसन. सोव्हिएत बाजूने लढलेल्या नॉर्मंडी-निमेन तुकडीच्या फ्रेंच वैमानिकांनी १९४५ ला मायदेशी नेलेल्या याक-३ पैकी एक पॅरिसजवळ ल बुर्जेच्या संग्रहालयात उभं आहे. अस्सल म्हणायचं तर त्याला म्हणा.

आणि ९ हा आकडा ३ पेक्षा मोठा म्हणून याक-९ नंतरचं, असं इथे कुणी लिहिलं तर मी धागा सोडून जाईन. याक-९ १९४२ च्या अखेरीस लढत होतं, याक-३ आलं १९४४ ला.

सॅनहोजेकर:
धागाकर्ते, उडवण्याजोगं क्लिमोव्ह कुठल्या दुकानात मिळतं तेवढं सांगा, मी दोन घेतो. आणि मूळ-मूळ काय लावलंय? क्लिमोव्हचं मूळच फ्रेंच हिस्पानो-सुइझा. अ‍ॅलिसन रशियाला परकं नव्हतं, सोव्हिएत वैमानिक पोक्रिश्किन ज्या अमेरिकन एअरकोब्रा विमानात लढला त्यात तेच होतं.

अमेरिकेत रीनोच्या विमानशर्यतींना मी तीनदा गेलो, २०२३ ला तिथल्या बंद पडल्या त्याआधी. ‘चेक मेट’ नावाचं याक-११ डोक्यावरून गेलं तेव्हा हातातल्या कॉफीवर तरंग उठले. तुमचं ल बुर्जेवालं कॉफी हलवतं का?

पंखपुराण:
कॉफी आमच्या गल्लीतला डीजेसुद्धा हलवतो. क्लिमोव्हने परवाना घेऊन सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं स्वतः वाढवलं. त्याला फ्रेंच म्हणणं म्हणजे बटाटेवड्याला पेरू देशाचा पदार्थ म्हणणं.

लुना_सुपर:
विमानातलं कळत नाही, पण इंजिन बदललं की ओळख बदलते हे आरटीओने मला शिकवलंय. वडिलांची लॅम्ब्रेटा. इंजिन फुटलं, जुन्या बाजारातून दुसरं आणून बसवलं. पासिंगला गेलो तर साहेब म्हणे आरसी बुकातला इंजिन नंबर जुळत नाही. मग चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला. ‘चेसिस पुसट, उद्या या.’ अशा अकरा ‘उद्या’ झाल्या. वडील गेले, स्कूटर अजून अंगणात.

ओझरकर:
मी ओझरला मिगच्या ओव्हरहॉलमध्ये होतो. इंजिन कोरापुटचं, सांगाडा आमचा. एका विमानात आयुष्यभरात किती इंजिनं बदलली जातात ते मोजत बसलात तर एकही मिग अस्सल उरणार नाही. आम्ही नंबर सांगाड्याचा धरायचो. लुनासाहेब, तुमचं चेसिस मूळचं असेल तर स्कूटर वडिलांचीच.

लुना_सुपर:
काका, हे त्या साहेबाला सांगा ना!

रॉकेलचा_डबा:
एजंट का नाही धरला? माझं एका दुपारात झालं.

लुना_सुपर:
तुमच्यासारख्यांमुळेच बाकीच्यांच्या अकरा ‘उद्या’ होतात.

रॉकेलचा_डबा:
तत्त्वं अंगणात गंजतायत तर.

लुना_सुपर:
वडिलांच्या गाडीवर बोलायचं काम नाही.

पंखपुराण:
इथे विमानांवर बोलायचं होतं. आरटीओचा वेगळा धागा काढा.

ओझरकर काका, तुमच्या नियमानेही मीच बरोबर. याक-११ चा सांगाडाच वेगळा: धातूचे पंख, टोकापासून टोकापर्यंत ९.४० मीटर. याक-३ चे ९.२० मीटर, वर प्लायवूडचं आवरण. सूर मारताना ते सुटायचं, माणसं गेली त्यात. तो धोका वगळून ‘अस्सल’ कसलं?

ओझरकर:
म्हणजे माणूस मेल्याशिवाय विमान खरं नाही? साठ विद्यार्थ्यांना टॉर्क रेंच धरायला शिकवलं, त्यांना हे ऐकवणार नाही मी.

बरं, याक-७ विसरलात का? ते शिकाऊच होतं. १९४१ मध्ये मागचं आसन झाकून, तोफ बसवून लढाईला धाडलं. त्याचंच पुढे याक-९ झालं. मास्तरला वर्दी यांत्रिकाने नाही, याकचा रचनाकार याकोव्हलेव्ह, त्याच्याच माणसांनी चढवली होती.

सॅनहोजेकर:
काका, साष्टांग. धागाकर्ते कुठे गेले?

पंखपुराण:
जेवत होतो. याक-७ चा मुद्दा मान्य. घ्या, जिलेबी वाटा. पण तेव्हा कुणी त्याला आधीचं लढाऊ याक-१ म्हणून खपवलं नव्हतं, नाव निराळं दिलं होतं. गोल नाकवाल्यांनी ‘याक-११, सुधारित’ एवढं लिहावं, मीही हात जोडतो.

सॅनहोजेकर:
त्या नावाला तिकीट कोण काढणार?

पंखपुराण:
आता आलात मूळ गोष्टीवर.

लुना_सुपर:
ओझरकर काका, चेसिसचा नंबर गंजलाय. रॉकेलने घासू की पॉलिश पेपरने?

ओझरकर:
पॉलिश पेपर लावू नका, अक्षर जाईल. रॉकेलचं फडकं रात्रभर ठेवा. रविवारी फोन करा.