मुलाला शाळेत इएसएलच्या (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) वर्गात बसवले आहे, घरी काय वापरावे?

साताऱ्याहून_जर्सीत: तीन महिन्यांपूर्वी आम्ही न्यू जर्सीत आलो. मुलगा सात वर्षांचा असून तिकडे तो मराठी माध्यमात शिकत होता. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता, असे विचारणारा फॉर्म आला. त्यावर आम्ही मराठी लिहिले, त्याची चाचणी झाली आणि आता तो रोज पाऊण तास इएसएलच्या शिक्षिकांकडे जातो. एरवी तो वर्गात जवळजवळ गप्पच असतो. परवा त्याने शेजारच्या मुलाकडे ‘रबर’ मागितले, ते कोणालाच कळले नाही. इथे इरेझर म्हणायचे, हे त्याला सांगायचे आमच्याकडूनच राहून गेले होते. शिक्षिका मनापासून शिकवतात, परंतु मराठीशी त्यांचा काहीच परिचय नाही. त्यांना सुचवता येईल आणि आम्हालाही वापरता येईल असे मोफत, भरवशाचे काही नेटवर आहे का?

एडिसनकर: फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहिले असते तर ही चाचणीच टळली असती. आम्ही तसेच केले होते. घरीही इंग्रजीच सुरू करा, म्हणजे लवकर सुटाल.

इएसएल_शिक्षिका: वरच्या सल्ल्याशी मी मुळीच सहमत नाही. 1974 च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी न समजणाऱ्या मुलांना मदत देणे शाळांवर बंधनकारक ठरवले. खोटी माहिती लिहून तो हक्क आपणच का सोडावा? वर्ग नकोच असेल तर पालकांना तो लेखी नाकारता येतो, मात्र वार्षिक चाचणी तरीही द्यावी लागते. न्यू जर्सीत ती चाचणी म्हणजे वीडा (WIDA) या संस्थेची ‘ॲक्सेस’. तिच्यात ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांचे 1 ते 6 या पातळ्यांवर वेगवेगळे गुण मिळतात, त्यामुळे केवळ एकूण गुण न पाहता चारही आकडे मागून घ्या. वीडाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पातळीवरचे मूल काय करू शकते याची वर्णने आहेत. ती वाचली की शिक्षिकांशी काय बोलायचे ते आपोआप सुचते.

शिक्षिकांना ‘कोलोरिन कोलोराडो’ हे संकेतस्थळ सुचवा, जरी बहुधा त्यांना ते ठाऊक असेल. वॉशिंग्टनची वेटा ही सार्वजनिक वाहिनी ते चालवते. पालकांसाठीचा मजकूर मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये असला, तरी नव्याने आलेल्या मुलांविषयीचे लेख कोणत्याही भाषेच्या घराला उपयोगी पडतात. सुरुवातीचे काही महिने गप्प राहणे हे अनेक मुलांमध्ये दिसते, त्याची धास्ती घेऊ नका. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार खेळताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धड्यांची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात.

आणखी एक काम तुम्हीच करू शकता. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखे शब्द नाहीत आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे एका कागदावर उदाहरणांसह लिहून शिक्षिकांना द्या. मग ‘आय स्कूल गो’ हे वाक्य त्यांना मंदपणाचे लक्षण वाटणार नाही. मूल डोक्यातल्या मराठीच्या रचनेवर इंग्रजी शब्द बसवत आहे, हे त्यांना दिसेल.

दोन_मुलींचा_बाबा: आमच्याकडे ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाचा उपयोग सर्वांत जास्त झाला. तिथे एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते, पुस्तके मुक्त परवान्याची असल्यामुळे छापून शाळेतही देता येतात. रात्री आम्ही आधी मराठीतून वाचायचो आणि मग तीच गोष्ट धाकटी आम्हाला इंग्रजीतून सांगायची. गूगलचे ‘रीड अलाँग’ही वापरून पाहा, मूल मोठ्याने वाचते आणि अडखळले की ते शब्द उच्चारून दाखवते. फक्त तेच तासभर हातात देऊ नका, दहा मिनिटे पुरतात.

साताऱ्याहून_जर्सीत: आभारी आहे. फॉर्म आहे तसाच ठेवते. आज मराठी वाक्यरचनेचा कागद लिहायला बसले, तर उदाहरणे सुचवायला मुलगाच शेजारी येऊन बसला आहे. त्याचे पहिले वाक्य आहे, ‘मला रबर दे’.