भास म्हणजे स्किझोफ्रेनियाच असं नाही

भास होतात म्हणजे स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजारच, असं एकांनी लिहिलंय. ते पटत नाही. त्या आजारात बहुतेक वेळा आवाज ऐकू येतात: कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, हुकूम सोडतंय. पण नसलेलं दिसायला लागलं तर आधी शरीराकडे बघावं. वयस्कर माणसाला एकाएकी भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, रात्री बरळणं वाढलं, तर जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं किंवा नव्याने सुरू केलेलं औषध, यांपैकी काहीतरी बऱ्याचदा निघतं. रोजची दारू अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतही असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तिथे वाट बघू नये.

(झोप लागता लागता आपल्या नावाची हाक ऐकू येते, त्यात काळजीचं काही नाही.)

नजर अधू झालेल्यांचं कारण आणखी वेगळं. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहिलं: मोतीबिंदूने दृष्टी गेलेली, बुद्धी शाबूत, तरी समोर माणसं, पक्षी, घोडागाड्या. डोळ्यांकडून संदेश येईनासे झाले की मेंदूतला दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. आपल्याला वेडं ठरवतील या धास्तीने अशी माणसं घरात अवाक्षर काढत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे आपणहून विचारायला हवं.