रोबोकॉप (२०१४): समीक्षकांनी अन्याय केला का?

निशाचर (धागाकर्ता):
पॉल व्हर्होव्हनच्या १९८७ च्या 'रोबोकॉप'चा रिमेक २०१४ मध्ये झोझे पाडिल्या या ब्राझिलियन दिग्दर्शकानं केला. बहुतेक समीक्षणांचा सूर एकच होता: रक्तपात गेला, उपहास बोथट झाला, मग काढला कशाला? मला हा निकष मान्य नाही. जबर जखमी झालेल्या मर्फी या पोलिसाला एक कंपनी अर्धा माणूस, अर्धं यंत्र बनवते, तोच रोबोकॉप. चाचणीत मर्फी पूर्ण यंत्रमानवापेक्षा मागे पडतो, कारण गोळी झाडण्याआधी तो क्षणभर विचार करतो. म्हणून त्याला घडवणारा डॉ. नॉर्टन (गॅरी ओल्डमन) त्याच्या मेंदूतच फेरफार करतो. शिरस्त्राणाची काच खाली आली की निर्णय यंत्र घेतं आणि मर्फीला मात्र तो स्वतःचाच वाटतो. मूळ चित्रपटात हा विचार नाही. किती समीक्षकांनी त्यावर चार ओळी खर्च केल्या?

खडूस_प्रेक्षक:
अजिबात सहमत नाही. विचार चांगला आहे, पण तो तोंडी समजावून सांगितलाय. व्हर्होव्हननं असलं काही दाखवूनच सांगितलं. मर्फीचा डावा हात वाचवल्याचं डॉक्टर सांगतात, तर कंपनीचा अधिकारी म्हणतो, तोही काढा. कॅमेरा मर्फीच्या डोळ्यांतून बघतोय, म्हणजे हे सगळं आपल्यालाच ऐकावं लागतं. शिवाय तो कायद्यानं मृत, म्हणून कंपनीची मालमत्ता. रिमेकमध्ये बायको संमती देते आणि ती धारच जाते.

निशाचर:
धार जात नाही, दुसरीकडे वळते. बायको सही करते तेव्हा 'नवरा वाचेल' एवढंच तिला दिसत असतं. तिच्या अगतिकतेचा कंपनी फायदा उठवते, हे मला जास्त ओळखीचं वाटतं. आणि दाखवण्याचंच म्हणाल तर आरशासमोरचा प्रसंग आठवा. मर्फीच्या हट्टाखातर नॉर्टन एकेक भाग बाजूला करत जातो. उरतो चेहरा, फुप्फुसं आणि एक हात. फुप्फुसं हलताना दिसतात. मर्फी मरण मागतो. रक्ताचा थेंब नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मीनाक्षी_पुणे:
त्या प्रसंगाला पूर्ण गुण. पण पुढचा तासभर काय? मूळ चित्रपटाला आधी अमेरिकेत एक्स (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळत होतं, काटछाट करून त्याखालचं आर मिळवलं. रिमेक पीजी-१३, म्हणजे त्याहून सौम्य, किशोरांनाही चालेल असा. गोळीबार व्हिडिओ गेमसारखा, कोण मेलं याचं काहीच वाटत नाही. जो चित्रपट यंत्रानं माणूस मारावा का असं विचारतो, त्यात मरणाला वजन नको का? समीक्षकांना रक्ताची हौस नव्हती, त्यांची तक्रार हीच होती.

निशाचर:
मरणाचं वजन हा मुद्दा मान्य, विशेषतः गोदामातल्या अंधाऱ्या चकमकीबाबत. पण सुरुवातीचा तेहरानचा प्रसंग विसरू नका. अमेरिकी यंत्रं रस्त्यावर उभ्या सामान्य माणसांची तपासणी करतात, आणि हातात स्वयंपाकघरातला सुरा घेतलेला मुलगा त्यांच्या लेखी धोका ठरतो. टीव्हीवरचं प्रक्षेपण तिथेच तोडतात. तो मृत्यू न दाखवणं हीच तिथली टीका आहे.

खडूस_प्रेक्षक:
तो प्रसंग उत्तमच आहे. म्हणूनच राग येतो. पहिल्या दहा मिनिटांत एवढं धाडस दाखवणारा माणूस शेवटी छतावरच्या ठरावीक मारामारीवर येतो, आणि माझ्या मते समीक्षकांनी नेमकं तेच लिहिलं.