मदत हवी आहे: डिस्क लावायला गेम कन्सोल घेतला तर जुन्या रिसीव्हरला आवाज कसा द्यायचा?

घोडबंदर_रोज

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक आहे. पण माहिती कमी दिली की निम्मे प्रतिसाद 'टीव्ही कोणता?' विचारण्यातच जातात, म्हणून सगळं एकदमच लिहून टाकतो.

घरातला डीव्हीडी प्लेअर गेला. नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्याने लेन्स मिळत नाही म्हणून हात वर केले. मग म्हटलं सरळ ब्लू-रे प्लेअर घेऊ, तर दुकानात विचारल्यावर समोरचा असा बघतो की मी पेजरच मागितला. आणि त्याचंही चूक नाही म्हणा. ओप्पो २०१८ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, सॅमसंग २०१९ मध्ये, आणि २०२४ संपता संपता एलजीनेही प्लेअर बंद केले. बाहेरून मागवलेला मिळेल, पण बिघडला तर दाखवायचा कोणाला? म्हणून कन्सोलचा विचार.

डिस्क काय काय आहेत ते सांगतो. बाबांच्या जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, बहुतेक नाटकं आणि मराठी सिनेमे. मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली होती ना, त्या काळातली खरेदी. ऑफिसातून येताना पिशवीत भाजीबरोबर एखादी डिस्क असायचीच. शिवाय त्यांच्या भावगीतांच्या ऑडिओ सीडी. माझ्या स्वतःच्या ब्लू-रे आहेत, आणि न्यू जर्सीच्या मामेभावाने वेळोवेळी दिलेल्या काही अमेरिकन ब्लू-रे आणि ४के डिस्क.

टीव्ही ५५ इंची, ४के, एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजन (चित्रातला उजेड-रंग खुलवणारे दोन प्रकार) दोन्ही घेतो. ईएआरसी (टीव्हीतून रिसीव्हरला आवाज परत पाठवणारी एचडीएमआयची सोय) एकाच पोर्टला. डीटीएस (डिस्कवरच्या आवाजाचा एक प्रकार) टीव्ही घेत नाही (माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलंय). रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, एचडीएमआय १.४ च्या जमान्यातला. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (ब्लू-रेवरचे पूर्ण दर्जाचे आवाज) दोन्ही व्यवस्थित उलगडतो. स्पीकर भक्कम आहेत. "रिसीव्हर बदला" हा सल्ला कृपया नको. तो एवढ्यात बदलणार नाही.

पर्याय दोन. एक म्हणजे भाच्याचा पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३) स्लिम, जो माळ्यावर पडून आहे आणि फुकट मिळतोय. दुसरा म्हणजे वापरलेला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स. गेम खेळणारं घरात आता कोणी नाही. मला फक्त डिस्क लावायच्या आहेत.

घोळ असा आहे. नवा कन्सोल रिसीव्हरमधून टीव्हीला नेला तर चित्र १०८०पी वर घसरतं, कारण जुना रिसीव्हर एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपीबंदीचं कुलूप) ओळखतच नाही. थेट टीव्हीला जोडला तर चित्र झकास, पण आवाज टीव्हीकडून एआरसीने परत येणार. टीव्हीला ईएआरसी असून उपयोग नाही, रिसीव्हरला साधा एआरसी (तीच सोय, पण जुनी आणि कमी क्षमतेची) आहे. त्यातून पीसीएम (आधीच उलगडलेला आवाज) आलं तर दोनच चॅनेल, आणि ट्रूएचडी तर जातच नाही. चांगल्या स्वतंत्र प्लेअरना मागे दोन एचडीएमआय असायचे, एक चित्राला आणि एक फक्त आवाजाला. कन्सोलला एकच. ऑप्टिकल म्हणाल तर पीएस५ आणि सिरीज एक्स दोघांनाही नाही.

यातून कोणी वाट काढली आहे का? आणि आईबाबांना गेमपॅड न धरता हे चालवता येईल का?

पाचपाखाडी

माळ्यावरचा पीएस३ आधी खाली काढा! बाकीचं नंतर.

१०८०पी ब्लू-रेसाठी तुमच्या रिसीव्हरला तो अजूनही चपखल बसतो. पीएस३ थेट रिसीव्हरला, रिसीव्हर टीव्हीला. साउंड सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडून 'ऑटोमॅटिक' करा, म्हणजे रिसीव्हर काय घेतो ते कन्सोल स्वतः विचारून घेतो. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी पीएस३ स्वतःच उलगडून मल्टीचॅनेल पीसीएम म्हणून पाठवू शकतो. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ उलगडणं २००८ च्या एका अपडेटने आलं. रिसीव्हरवर 'ट्रूएचडी' ही अक्षरं दिसणार नाहीत, नुसतं 'मल्टी' असं काही तरी दिसेल. त्याने जीव खाली-वर करू नका, गुणवत्ता तीच. अक्षरं पाहिल्याशिवाय समाधान होत नसेल तर स्लिम आहे ना, त्यात बिटस्ट्रीमही (आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरला पाठवणं) करता येतं. २००६ च्या पहिल्या जाड्या पीएस३ ला ते जमत नव्हतं.

डीव्हीडीसाठी 'अपस्केलर' चालू ठेवा आणि 'फुल स्क्रीन' टाळा, नाहीतर जुन्या चौकोनी चित्रातली माणसं आडवी फुगतात. ऑडिओ सीडीही लावतो तो. पीएस४ आणि पीएस५ ऑडिओ सीडी घेतच नाहीत, तेव्हा बाबांच्या भावगीतांचा विचार करा.

इंटरनेटला जोडून अपडेट मात्र आधी करा. ब्लू-रेच्या कुलपाच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात आणि त्यासाठी सोनी या जुन्या मशीनला अजून अपडेट देते. ते नसेल तर डिस्क चालेनाशी होऊ शकते, आणि मग लोक विनाकारण लेन्सवर खापर फोडतात.

रिमोट_कुठाय

आईबाबांच्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही म्हणून लिहिते.

पीएस३ ला इन्फ्रारेड नाही, म्हणजे बाजारातला कुठलाही 'युनिव्हर्सल' रिमोट त्याला कळत नाही. त्याचा स्वतःचा ब्लूटूथ रिमोट होता. वापरलेला मिळाला तर घ्या. पण स्लिमला एचडीएमआयवरून टीव्हीच्या रिमोटने चालवण्याची सोय आहे, सेटिंगमध्ये शोधा. टीव्ही, रिसीव्हर आणि कन्सोल तिन्हीकडे ती चालू हवी. आमच्याकडे सासूबाई टीव्हीच्याच रिमोटने सिनेमा थांबवतात आणि पुढे नेतात, गेमपॅड कपाटात. तो नाहीतरी वापरात नसला की नेमका हवा तेव्हा चार्जिंग संपलेला असतो.

सिरीज एक्सला इन्फ्रारेड आहे आणि पीएस५ ला वेगळा मीडिया रिमोट मिळतो. तेव्हा त्या बाजूने अडचण नाही.

खाडीपल्याड

नेरूळहून लिहितोय. माझा रिसीव्हरही तुमच्याच पिढीतला आहे आणि मी सिरीज एक्स वापरतो, त्यामुळे हा घोळ जवळून पाहिलाय.

मध्ये एक डबी लागते. दोन एचडीएमआय आउटवाला एक्स्ट्रॅक्टर किंवा स्प्लिटर म्हणून मिळते. कन्सोल डबीला, डबीचा एक आउट टीव्हीला (४के, एचडीआर सकट), दुसरा रिसीव्हरला फक्त आवाजासाठी. घेताना बघायचं ते असं, की एचडीसीपी २.२ चालतं का, ४के ६० ला एचडीआर जातं का, आणि दुसरा आउट १०८०पी वर उतरवून देते का. तिसरी गोष्ट नसेल तर जुना रिसीव्हर सिग्नलच घेत नाही. ऑप्टिकलवाली स्वस्त डबी घेऊ नका. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढंच जातं, मग एवढा खटाटोप कशाला?

डबीवर एक बारीक स्विच असतो, ईडीआयडीचा (म्हणजे पुढचं यंत्र काय घेऊ शकतं ते कन्सोलला सांगणाऱ्या माहितीचा). सगळं गाडं तिथेच अडतं. तो 'टीव्ही' वर राहिला तर कन्सोलला वाटतं की पुढे टीव्हीचे दोनच स्पीकर आहेत, आणि तो स्टिरिओ पाठवून मोकळा होतो. तो ५.१ किंवा ७.१ वर करायचा. काही डब्या त्यासाठी रिसीव्हरकडून माहिती उचलतात, त्यात रिसीव्हर आधी चालू करावा लागतो.

पीएस५ घेतलात तर आणखी एक गोष्ट. मुख्य सेटिंगमध्ये कितीही खटपट करा, डिस्कच्या आवाजाची मेख वेगळीकडे आहे. डिस्क चालू असताना ऑप्शन्सचं बटण दाबून तिथल्या सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' की 'लिनिअर पीसीएम' ते ठरतं. ५.१ ला पीसीएम ठेवलंत तरी काही बिघडत नाही.

डॉल्बी व्हिजनची आशा सोडा. ४के डिस्क दोन्ही कन्सोल एचडीआर १० मध्येच दाखवतात. सिरीज एक्स स्ट्रीमिंगला डॉल्बी व्हिजन देतो, डिस्कला नाही. माझं स्पष्ट मत असं, की घरात ४के डिस्क मोजक्याच असतील तर एवढ्यासाठी कन्सोल घेणं हा हौसेचा मामला आहे. मी हौसेनेच घेतला, पण तुमची यादी बघता पीएस३ बरंच काम उरकेल.

वापरलेला घ्यायचाच ठरलं तर जाहिरातीतला फोटो नीट बघा. पीएस५ डिजिटल आणि सिरीज एस यांना डिस्कची फटच नसते. पीएस५ स्लिमचा ड्राइव्ह सुटा असतो आणि जोडल्यावर एकदा इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. सिरीज एक्सवर ब्लू-रेचं अॅप आधी उतरवून घ्यावं लागतं. आणि विकणाऱ्याकडे जाताना डीव्हीडी नव्हे, ब्लू-रे घेऊन जा. डीव्हीडीला लाल लेझर लागतो, ब्लू-रेला निळा. लाल ठणठणीत आणि निळा आटलेला असं सर्रास असतं. माळ्यावरच्या पीएस३ लाही हीच परीक्षा.

घोडबंदर_रोज

वा, एवढं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. पीएस३ काढला, पुसला, अपडेट केला. ब्लू-रे लागली आणि आवाज मागच्या स्पीकरमधूनही येतोय. टीव्हीच्या रिमोटने आईने स्वतः थांबवून दाखवलं.

दोन गोष्टी अडल्या. मामेभावाच्या काही ब्लू-रे 'रीजन' म्हणून नाकारतो, काही मात्र चालतात. आणि व्हीसीडी एकही दिसत नाही.

पाचपाखाडी

ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन रीजन. अमेरिका ए, भारत सी. वेष्टनाच्या मागे षटकोनात अक्षर असतं, तिथे बघा. तिन्ही अक्षरं असली तर चालते. नुसता ए असेल तर भारतीय कन्सोलवर विसरा. ४के डिस्कना रीजनचं कुलूप नसतं, त्यामुळे मामेभावाला यापुढे मागायच्या तर त्या मागा. डीव्हीडीत अमेरिका १, आपण ५, तिथेही तीच गत.

तलावपाळीवरचा

व्हीसीडीसाठी कन्सोलचा नाद सोडा काका. पीएस४ आणि पीएस५ तर सीडी जातीचं काहीच वाचत नाहीत.

लॅपटॉपला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह लावा, डिस्क उघडा, 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसेल. त्यात 'एव्हीसेक०१' नावाची डॅट फाइल म्हणजेच नाटक. व्हीएलसीत थेट चालते. कॉपी करून डॅटच्या जागी एमपीजी लिहिलं की बहुतेक टीव्हीसुद्धा पेनड्राइव्हवरून चालवतात. कॉपी मध्येच अडली तर डिस्क मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल नको. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी धरतेच.

चित्र ३५२ बाय २८८ एवढंच आहे, ५५ इंचावर दाणेदार दिसणार. नाटकाला चालतं, संवाद ऐकायचे असतात. पण लवकर करा, काही डिस्कची चंदेरी पापुद्री निघायला लागते आणि मग काहीच हाती लागत नाही.

घोडबंदर_रोज

ड्राइव्ह शेजाऱ्यांकडून आणलाय. पहिल्या नाटकाचा पहिला भाग कॉपी झाला, दुसऱ्या डिस्कला वेळ लागतोय. ४के चं तूर्तास राहू दे.

खाडीपल्याड, एकदा तुमची डबी बघायला येऊ का? ४के डिस्क मी आणतो. फरक डोळ्यांना आणि कानांना किती जाणवतो ते पाहूनच पैसे घालायचे की नाही ते ठरवीन.

खाडीपल्याड

या की. रविवारी सकाळी या, दुपारी आमच्याकडे व्हॉल्यूमवर बंदी असते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.