पुढच्या फायटरमध्ये पायलट हवाच कशाला?

उडाणटप्पू:
ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेत डार्पाने (त्यांची संरक्षण संशोधन संस्था) सिम्युलेटरवर डॉगफाइट, म्हणजे दोन फायटरची जवळून झुंज, लावली होती, एका बाजूला एआय, दुसऱ्या बाजूला एफ-16 चा मुरलेला पायलट. एआयने 5-0 ने धुतलं. मग एक्स-62ए व्हिस्टा, म्हणजे बदल केलेलं एफ-16, ते एआय खरंखुरं उडवायला लागलं आणि मे 2024 मध्ये त्यांच्या हवाई दलाचे सेक्रेटरी फ्रँक केंडल स्वतः त्यात बसून आले. माणूस 9 जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराच्या, पुढे टिकत नाही, त्याच्यासाठी सीट, ऑक्सिजन, कॅनॉपी सगळं ओझं वाहायचं. आपण आपल्या नव्या, अजून बनत असलेल्या फायटरमध्ये, म्हणजे अ‍ॅम्कात पायलटची खुर्ची ठेवतोय हीच चूक वाटते मला. बोला.

ओझरकर:
धुतलं खरं, पण समोरचं विमान नेमकं कुठंय हे सिम्युलेटर त्या एआयला आयतं सांगत होता राव. आणि समोरून अंगावर येत गन मारायची, जे ट्रेनिंगमध्ये पायलटला करूच देत नाहीत, ते हा बिनधास्त करत होता. बाकी ही भविष्यवाणी जुनीच. 1957 ला ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस म्हणाले मिसाईल आली, आता पायलटवाली फायटर हळूहळू बंद. त्यांचं लायटनिंग फायटर 1988 पर्यंत उडत होतं!

उडाणटप्पू:
1957 चं मिसाईल आणि आजचा एआय एका तागडीत कशाला? आणि पायलट तरी कुठे उडवतो आता? तेजस मुळातच अस्थिर बनवलंय, फ्लाय-बाय-वायर (पायलटचा इशारा घेऊन विमान सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलं तर कुणाच्या बापाला सावरायचं नाही. स्टिक ओढणं म्हणजे कॉम्प्युटरकडे अर्ज करणं.

मधलीआळी:
दोघं टोकाला गेलात. 2016 चा तो एफ-16 चा व्हिडिओ बघा, शिकाऊ पायलट जी लागून बेशुद्ध, विमान नाक खाली करून सुटलंय, इन्स्ट्रक्टर रेडिओवर ओरडतोय, आणि ऑटो जीकॅसने, म्हणजे जमिनीवर आदळण्यापासून वाचवणाऱ्या यंत्रणेने, स्वतःच विमान वर खेचलं, मग पायलट शुद्धीवर. जोडी अशी हवी. नाहीतर एफ-35 फायटरचं हेल्मेट, विमानावरच्या सहा कॅमेऱ्यांनी पायाखालची जमीन दाखवतं, किंमत 4 लाख डॉलर, पण 2015 मध्ये साधारण 62 किलोच्या आतल्या पायलटना त्या विमानात मनाई करावी लागली कारण इजेक्ट होताना, म्हणजे सीटसकट बाहेर फेकलं जाताना, मानेला धोका :)

ओझरकर:
उडवू दे की मशीनला, गोळी कोण सोडणार ते बोला. मार्च 2003, इराक युद्ध, अमेरिकेच्या पॅट्रियट या ऑटोमॅटिक मिसाईल यंत्रणेने मित्रदेशाचंच ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचं मिसाईल समजून पाडलं, आतले दोघंही गेले.

उडाणटप्पू:
पण तिथे माणसं होतीच की!

ओझरकर:
होती, पण स्क्रीनवर मिसाईल दिसतंय आणि हातात काही सेकंद, ती काय वाद घालणार? पायलट निदान वळून डोळ्याने बघतो.

उडाणटप्पू:
लांबून मिसाईल सोडणारा काय डोळ्याने बघतो? त्यालाही ठिपकाच.

ओझरकर:
हं. हे मान्य. तरी खुर्ची राहू दे, एका तेजसमध्ये माणूस आणि सोबत एचएएलचे दोन-चार कॅट्स वॉरियर ड्रोन बिनपायलटचे, इतपत चालेल मला.

उडाणटप्पू:
म्हणजे आलात की माझ्याच लाइनीवर, आता फक्त एक खुर्ची उरली 😄