ते अप्पे नव्हेत!

सुमनआत्या: ऋचाचं स्टेटस पाहिलं. अभ्यासातून मान वर करायला वेळ नाही असं मेधा सांगत होती ना? इथे तर सकाळपासून गावं पालथी घालणं चाललंय. आणि त्या बशीत काय आहे? व्हिडिओत वर काहीतरी हलतंय.

निनाद: अप्पे आहेत आत्या. जपानी 😄

सुमनआत्या: मग चटणी कुठेय?

मेधा: ताई, जपानमध्ये गोल्डन वीक आहे. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्ट्याच असतात.

नाना: ऋचा, परक्या मुलखात ओळखपत्र सतत जवळ ठेवावे. कार्ड आहे का?

ऋचा: हो नाना. रेसिडेन्स कार्ड सोबत ठेवणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे.

ऋचा: आत्या, ते ताकोयाकी. ओसाकाची खासियत, तिथल्या दोतोनबोरी भागात खाल्लं. म्हणजे मैत्रिणीने. पात्र डिट्टो अप्पेपात्र, पण आत ऑक्टोपसचा तुकडा. वर हलतोय तो सुक्या माशाचा कीस, वाफेने हलतो.

सुमनआत्या: तू खाल्लंस का असं मी विचारलंच नव्हतं.

विनायककाका: सुमन, खाऊ दे गं. तिथे तिला वरणभात कोण वाढणार?

सुमनआत्या: दादा, तू बोलूच नकोस. अलिबागचं लिहू का इथे?

अलकाकाकू: अलिबागला काय झालं?

विनायककाका: काही नाही. ऋचा, पुढे सांग.

ऋचा: सकाळी ओसाकातल्या नाम्बाहून किन्तेत्सु रेल्वेच्या गाडीने निघालो. नारा शहर चाळीसेक मिनिटांवर, पण मध्ये इकोमाला उतरलो. नाना, हे खास तुमच्यासाठी. तिथे डोंगरावर होझान-जी देऊळ आहे, आपल्या गणपतीचं जपानी रूप पुजतात, कांगितेन. वर जायला केबल कार, म्हणजे रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी, १९१८ची. जपानमधली पहिली.

नाना: मूर्तीचा फोटो पाठव.

ऋचा: मूर्ती दाखवत नाहीत, झाकलेली असते. दोन हत्तीमुखी आकृत्या एकमेकांना मिठी मारून उभ्या, असं रूप. मुळा आणि पैशाची थैली ही त्याची चिन्हं.

अलकाकाकू: मुळा?? मोदक नाही?

ऋचा: तोही आहे काकू. थैलीच्या आकाराचा, तिळाच्या तेलात तळलेला. क्योटोत मिळतो.

विनायककाका: यंदा आपला गणपती कोणाकडे ते तरी ठरवा.

सुमनआत्या: गेल्या वर्षी ठरलं होतं. पाळलं कोणी?

मेधा: आम्ही तयार होतो ताई. जिना अरुंद आहे, नाना चढणार कसे, हे तुम्हीच म्हणालात.

नाना: मी चढतो. ऋचा, कार्ड आहे का?

निनाद: नाना, वर उत्तर आलंय.

ऋचा: मग नारा. हरणं रस्त्यात मोकळी फिरतात. बिस्किटं २०० येनला, माना लववून मागतात. दिली नाहीत की सरळ कुर्ता ओढतात, माझा ओढला. तोदाइ-जी देवळातला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच. आणि नाना, ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या, भारतातून गेलेल्या भिक्षूने केला होता!

नाना: उत्तम. याची माहिती सविस्तर पाठव. मोठ्या अक्षरात.

मेधा: जेवलीस का पण?

ऋचा: तेच अवघड आहे गं. भाज्यांचं उदोन, म्हणजे जाड नूडल्स, मागवलं तरी रस्सा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा. त्यामुळे आंबट उमे फळाचं ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि योमोगी पाल्याची मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताची मिठाई. हिरवीगार, आत अझुकी कडधान्याचं गोड सारण. समोर दोघं जण लाकडी मोगऱ्यांनी भात कुटतात, एकाचा हात आत असताना दुसऱ्याची मोगरी खाली येते. बघवत नाही! नारा-झुके लोणचं घेणार होते, पण ते साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यात मुरवतात म्हणे.

निनाद: विनायककाकांसाठी दोन बरण्या.

अलकाकाकू: अच्छा. म्हणजे अलिबागला हे झालं.

सुमनआत्या: सगळं कौतुकाचं आहे हो. केबल कार, मोच्या. पण मार्चचा बँकेचा हप्ता दादाने भरला हे कोणाच्या लक्षात आहे का?

मेधा: ताई, आहे. भाऊजींना या महिन्यात परत देतोय, त्यांना माहीत आहे. ऋचा परवानगी काढून दुकानात काम करते, आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत. आजचा खर्च तिच्या कमाईतला आहे. 🙏

नाना: ऋचा, कार्ड आहे का?

विनायककाका: सुमन, हा विषय ग्रुपवर कशाला? हप्त्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

अलकाकाकू: मलाही नाही सांगितलंत.

निनाद: ऋचा, हरणांचा व्हिडिओ टाक. पटकन.